जाम घाटात उतरून चालावं लागतं, गियर बदलू की सायकलच बदलू?

पत्र:

ताई नमस्कार. वय 46, वजन 82 किलो, इंदूरला सुदामा नगरात राहतो. मागच्या वर्षी एका ओळखीच्यांकडून सेकंडहँड रोड बाइक घेतली, गियर शिमानो 105 आर 7000, अकरा स्पीड म्हणजे मागे अकरा चकत्या, दाते पुढे 52-36 आणि मागे 11 ते 28. सपाटीवर मजा येते, सुपर कॉरिडॉरवर 28-30 च्या स्पीडने आरामात जातो. पण ग्रुपबरोबर मंडलेश्वरला गेलो की परत येताना जाम घाटात पार वाट लागते. सगळ्यात हलका गियर टाकूनही पेडल फिरत नाही, सायकल डावी-उजवी झुलायला लागते, शेवटी उतरून चालतो. मागच्या वेळी तर दोन दिवस गुडघे दुखत होते. ग्रुपमधला एक जण म्हणतो, "भिया, घाट गियर से नहीं, जिगर से चढ़ते हैं," पाय बनव म्हणतो. दुकानवाला म्हणतो पूर्ण ग्रुपसेट, म्हणजे गियर-ब्रेकचं सगळं सामान, बदलावा लागेल नाहीतर नवीन सायकल घ्या. बायको म्हणते विकून टाका, या वयात हे काय. मी कोणाचं ऐकू?
- घाटातला पायी यात्री

उत्तर:

भाऊ, सायकल विकू नका आणि पूर्ण ग्रुपसेट तर मुळीच घेऊ नका. सायकल चांगली आहे तुमची, फक्त तिला जे गियर लावलेत ते तुमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आणि वीस किलोंनी हलक्या माणसासाठी आहेत, आणि तो माणूस बहुतेक सपाटीवर रेस मारणारा असावा. मागे 11-34 ची कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संच, टाका, तिच्यासाठी लांब केजचा मागचा डिरेलर, म्हणजे चेन एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग, घ्या आणि चेन नवी टाका. एवढंच. का आणि कसं ते खाली सांगते, जरा लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी आपल्या इंदूरचा भूगोल बघा, कारण गियरची अर्धी गोष्ट तिथेच आहे. पुणेकर सकाळी ताज्या पायांनी सिंहगड चढतात आणि घरी येताना उतार असतो, म्हणजे दमले तरी सायकल आपोआप घरी आणते. आपलं नेमकं उलटं आहे. आपण पठारावर बसलोय, इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण 550 मीटरवर आणि नर्मदेकाठचं मंडलेश्वर साधारण 150 वर. म्हणजे सकाळी महूमार्गे निघालात की जाम गेटपर्यंत जरा खालीवर आणि मग तिथून सुसाट खाली, वारा कानात, सगळे खूश, फोटो, खाली पोहोचून कचोरी, नर्मदेवर हात-पाय धुणं, आणि मग साडेनऊ-दहाला कोणाला तरी आठवतं की अरे घरी पण जायचंय. माळव्याचं पठार जिथे संपतं आणि निमाड सुरू होतो त्या कडेवरच तो अहिल्याबाईंच्या काळातला दरवाजा उभा आहे, आणि तो निमाडातून बघितला तर सरळ डोक्यावर आहे. चोरलला गेलात तरी तेच, सिमरोलवरून जाताना उतरायचं आणि येताना चढायचं, वर ट्रकांचा धूर फुकट. सकाळी जो घाट तुम्हाला फुकटात मिळाला त्याची वसुली दुपारी होते, तेही पाय दमलेले, पोट भरलेलं आणि ऊन डोक्यावर असताना. म्हणून मी सगळ्यांना सांगते, इंदूरवाल्याने गियर निवडताना सकाळी सहाचे पाय धरायचे नाहीत, अकराचे धरायचे.

आता जरा हिशोब करू, घाबरू नका, सातवीच्या गणिताच्या पुढे जात नाही. पुढच्या चेनरिंगचे दाते भागिले मागच्या चकतीचे दाते, म्हणजे पेडल एकदा फिरलं की चाक किती वेळा फिरतं ते. तुमचा सगळ्यात हलका गियर 36 भागिले 28, म्हणजे जवळपास 1.29. रोड बाइकचं चाक एका फेऱ्यात साधारण 2.1 मीटर जातं, म्हणजे तुमच्या एका पेडलला सायकल 2.7 मीटर पुढे गेलीच पाहिजे, त्याहून कमी तुमच्याकडे काही नाही. सपाटीवर मिनिटाला 80-90 फेरे आरामात फिरवता ना, तेच चढावर 80 ठेवायचे म्हटले तर या गियरवर स्पीड होतो ताशी 13 किलोमीटर. ऐकायला कमी वाटतो. पण 7 टक्के चढ धरा, म्हणजे 100 मीटर पुढे गेलात की 7 मीटर वर, आणि तुम्ही, सायकल, दोन बाटल्या मिळून 93 किलो. एवढं वजन अशा चढावर 13 ने ओढायला 260-270 वॅट लागतात. ते अर्धा-पाऊण तास सलग देणं हे रोज नीट ट्रेनिंग करणाऱ्याचं काम आहे, ऑफिस सांभाळून रविवारी येणाऱ्याचं नाही, आणि नाही म्हणजे काही कमीपणा पण नाही.

तुमच्यासारखा माणूस दमलेल्या पायांनी घाटात 160 वॅटच्या आसपास देत असेल असं धरू. तेवढ्यात त्याच चढावर स्पीड निघतो ताशी 8 च्या जवळ. आता 8 च्या स्पीडला तुमचा 36-28 चा गियर किती फेरे मागतो? मिनिटाला 49. हीच ती सायकल झुलायला लागते ती जागा. 49 फेऱ्यांवर प्रत्येक पेडल म्हणजे जिन्याची एक उंच पायरी असते, पाय खाली जातो आणि वरच्या टोकाला येऊन अडकतो, मग माणूस हँडल ओढायला लागतो, खांदे हलतात, पुढचं चाक रस्त्याच्या मध्यभागी जातं, आणि मागून हॉर्न. मग उतरून चालणं हेच शहाणपणाचं, तुम्ही बरोबर केलंत.

आता त्याच 8 च्या स्पीडला मागे 34 ची चकती असेल तर 36-34 वर फेरे होतात 60. पुढे पण 36 च्या जागी 34 टाकलीत तर साधारण 63. आणि ग्रॅव्हल म्हणजे कच्च्या रस्त्याच्या सायकलवाल्यांसारखी पुढे 30 ची चेनरिंग असेल तर 72. घाट तोच, स्पीड तोच, वॅटही तेच, फक्त प्रत्येक वेळी पेडलवर किती दाबायचं ते बदललं. आकडाच हवा असेल तर 49 फेऱ्यांवर पेडलवर सरासरी जोर साधारण 19 किलोचा पडतो आणि 60 वर 15 चा, प्रत्यक्षात पेडल खाली ढकलतानाचा जोर सरासरीच्या बराच वर जातो, म्हणजे गुडघ्याला जे सोसावं लागतं ते आणखी जास्त. वीस किलोचं पिठाचं पोतं तिसऱ्या मजल्यावर एकदम न्यायचं की चार खेपांत, एवढाच प्रश्न आहे. काम तेवढंच होतं.

त्यामुळे ते जिगर वगैरे जरा बाजूला ठेवा. तुमच्या भियाचं म्हणणं काही नवीन नाही हो, टूर द फ्रान्स सुरू करणारे आंरी देग्रांज पण याच पंथाचे होते, गियर बदलणं म्हणजे कमजोर लोकांचा प्रकार असं त्यांचं मत, आणि त्यांच्या त्या रेसमध्ये डिरेलरला परवानगी मिळाली थेट 1937 मध्ये. तोपर्यंत रेसर डोंगराच्या पायथ्याशी उतरायचे, मागचं चाक काढून उलटं बसवायचे, कारण दुसऱ्या बाजूला मोठी चकती असायची, आणि मग चढायचे. म्हणजे जिगरवाल्यांना पण हलका गियर लागतच होता, फक्त त्यासाठी रस्त्यावर बसून चाक खोलावं लागत होतं. आणि आता शिमानोच्या सगळ्यात महागड्या ड्युरा-एसमध्ये, जो प्रो लोक वापरतात त्यात, 11-34 ची कॅसेट मिळते. ते वापरू शकतात आणि सुदामा नगरवाल्याला लाज वाटायला पाहिजे, हे कुठलं लॉजिक? पाय बनतात, नक्की बनतात, पण फिरवून बनतात, गुडघे घासून नाही.

आता सामान. दुकानवाल्याने पूर्ण ग्रुपसेट का सांगितला ते मला कळतं, त्याला विकायचंय, शिवाय अर्धवट बदल करून नंतर खडखड आली की गिऱ्हाईक परत त्याच्याच डोक्यावर बसतं. पण तुमचे शिफ्टर म्हणजे गियर बदलायचे लिव्हर, क्रँक म्हणजे पेडलचे दांडे, ब्रेक, पुढचा डिरेलर, सगळं जसंच्या तसं राहतं. फक्त मागच्या डिरेलरचं एक बघावं लागतं. आर 7000 चा मागचा डिरेलर दोन प्रकारात येतो, एसएस म्हणजे छोट्या केजचा आणि जीएस म्हणजे लांब केजचा. केज म्हणजे खाली लटकणारा तो हात ज्यात दोन छोट्या दातेरी पुली असतात. छोट्यावाल्याला कंपनी मागची मोठी चकती 30 पर्यंत चालेल म्हणते, लांबवाल्याला 34 पर्यंत. तुमच्याकडे 11-28 आहे म्हणजे बहुतेक एसएस असणार. रात्री सायकल उलटी करू नका, भिंतीला टेकवा, मोबाइलचा टॉर्च लावा आणि मागच्या बाजूने, म्हणजे चाकाकडून, डिरेलरवर बघा, तेल आणि धुळीचा काळा थर असेल तो फडक्याने पुसा, आरडी-आर7000 असं कोरलेलं दिसेल आणि बहुतेक वेळा तिथेच एसएस किंवा जीएस पण असतं. जीएस निघाला तर तुमचे अर्धे पैसे वाचले.

आता कोणी म्हणेल एसएसवरच 11-30 टाका, स्वस्तात होईल. होईल, पण 28 वरून 30 म्हणजे फक्त 7 टक्क्यांचा फरक, 49 चे फेरे 53 होतील, घाटात तुम्हाला कळणार पण नाही आणि पैसे गेले ते गेले. काही लोक एसएसवर 32 पण चालवतात, कंपनीच्या आकड्याच्या बाहेर जाऊन, कोणाच्या फ्रेमवर छान चालतं आणि कोणाच्या फ्रेमवर पुली चकतीला घासत राहते. हँगर, म्हणजे डिरेलर ज्याला लटकतो तो फ्रेमचा कान, खाली आणणारी ती छोटी जोडपट्टी पण मिळते जुगाडाला. आधीच गुडघे दुखत असताना जुगाडावर कशाला जाता, जीएस डिरेलर घ्या आणि मोकळे व्हा.

11-34 मध्ये एक छान गोष्ट आहे जी दुकानात कोणी सांगत नाही. लोकांना भीती असते की मोठी कॅसेट टाकली की गियरमधलं अंतर वाढेल, सपाटीवर मजा जाईल. बरोबर आहे, सर्वसाधारणपणे तसंच होतं. पण तुमच्या दोन कॅसेटचे दाते समोरासमोर मांडून बघा. 11-28 मध्ये 11, 12, 13, 14, 15, 17, 19, 21, 23, 25, 28. आणि अकरा स्पीडच्या 11-34 मध्ये 11, 13, 15, 17, 19, 21, 23, 25, 27, 30, 34. दिसलं? 15 पासून 25 पर्यंत दोन्ही सारख्या! सुपर कॉरिडॉरवर तुम्ही 28-30 ने जाता तेव्हा चेन 17, 19, 21 वरच फिरत असते, तिथे काहीच बदलत नाही. गेलं काय तर 12 आणि 14. आता 52-14 वर 90 फेरे मारले तर स्पीड होतो ताशी 42, आणि 52-12 वर 49. खरं सांगा, घाट उतरण्याशिवाय हे स्पीड तुम्ही कधी बघितलेत? आणि उतारावर तर पेडल न मारता ब्रेक सांभाळायचे असतात. उलट 11-32 घेतलीत तर तिच्यात 14 नंतर 16, 18, 20, 22 येतात, म्हणजे मधले सगळेच बदलतात, आणि घाटात मिळतंही कमी. मला तरी 34 सोडून 32 घेण्यात काही अर्थ दिसत नाही, तुमच्या केसमध्ये.

पुढच्या चेनरिंगबद्दल लोक खूप भावनिक असतात, 52 गेला की जणू मूंछ गेली. तुमच्या क्रँकवर 50-34 ची जोडी बसते, बोल्टची जागा तीच आहे, क्रँक बदलायला लागत नाही, आणि पुढचा डिरेलर जरासा खाली घ्यावा लागतो कारण मोठी रिंग लहान झाली. फक्त आतली 36 काढून 34 टाकायची आणि बाहेर 52 तशीच ठेवायची हे करू नका, दोघांमधलं अंतर 18 होतं आणि कंपनी 16 च म्हणते, चेन आत पडण्याचे प्रकार वाढतात. माझं मत असं की आत्ता पुढे हात लावूच नका. मागच्या बदलाने तुम्हाला जवळपास पाचव्या हिश्शाने हलकं मिळतंय, पुढच्या बदलाने वर आणखी 5-6 टक्के. सीझनभर चालवा, रिंगा झिजल्या की तेव्हा 50-34 टाका, तेवढ्यासाठी आज चांगल्या रिंगा फेकायचं कारण नाही. 46-30 चा क्रँक हा खरा आरामदायक प्रकार, पण शिमानोचा तो जीआरएक्स या ग्रॅव्हलच्या ग्रुपसेटमधला आहे, त्याची चेनलाइन, म्हणजे चेन धावते ती रेषा, अडीच मिलिमीटर बाहेर असते, त्याला पुढचा डिरेलर पण जीआरएक्सचाच लागतो, म्हणजे खर्चाला पाय फुटतात. पाठीवर सामान लादून दोन-दोन दिवस फिरायला लागलात तर त्याचा विचार करू.

बसवून घेताना तीन गोष्टींवर डोळा ठेवा, मिस्त्री कितीही ओळखीचा असला तरी. पहिली गोष्ट चेन. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे म्हणून जरा सविस्तर. जुनी चेन 28 च्या हिशोबाने कापलेली आहे, 34 वर ती अपुरी पडणार. रोज चालवताना कळणार नाही, पण एखाद्या दिवशी चुकून पुढे मोठी आणि मागे पण मोठी चकती लागली की चेन ताणून दोरीसारखी होईल, डिरेलर पुढे खेचला जाईल आणि एक तर हँगर मोडेल किंवा केज स्पोकमध्ये जाईल, आणि हे तुम्ही नेमके घाटात असताना होईल कारण तिथेच माणूस घाईघाईत लिव्हर दाबतो. म्हणून नवी चेन, आणि ती कापायच्या आधी डिरेलरमधून न ओवता पुढच्या मोठ्या आणि मागच्या मोठ्या चकतीवरून गुंडाळून टोकं जिथे भेटतात तिथून दोन कड्या जास्त ठेवायच्या. सगळं बसल्यावर स्टँडवर मोठा-मोठा गियर टाकून दाखव म्हणावं, केजमध्ये थोडा तरी वाक शिल्लक दिसला पाहिजे. तो गियर चालवायचा नाहीये, फक्त चुकून लागला तर सायकल मोडू नये म्हणून.

दुसरी, स्पेसर. ही 11-34 जुन्या दहा स्पीडच्या फ्रीहबवर, म्हणजे मागच्या चाकाच्या ज्या भागावर कॅसेट सरकवतात त्यावर, पण बसावी अशा मापाची बनवलेली आहे, त्यामुळे तुमच्या अकरा स्पीड रोड फ्रीहबवर तिच्यामागे 1.85 मिलिमीटरचा एक पातळ स्पेसर आधी सरकवावा लागतो. तो राहिला की लॉकरिंग कितीही आवळली तरी कॅसेट हातात डगडग हलते आणि गियर नीट बसतच नाहीत, आणि मग माणूस तास-तास केबल ट्यून करत बसतो. कॅसेट बसली की मोठी चकती दोन बोटांनी धरून हलवून बघा, अजिबात हलता कामा नये. तिसरी, डिरेलरच्या मागचा तो बी-स्क्रू, त्याने वरची पुली आणि 34 च्या चकतीमधलं अंतर ठरतं, सर्वात मोठ्या चकतीवर हळू उलटं पेडल फिरवून ऐका, गुरगुर आवाज आला म्हणजे पुली घासतेय.

ज्यांच्याकडे 105 नाही त्यांच्यासाठी दोन ओळी, नाहीतर पुढच्या आठवड्यात तीच पत्रं येतील. शिमानोच्याच सोराचं नऊ स्पीड किंवा क्लॅरिसचं आठ स्पीड असेल तर तुम्ही उलट नशीबवान, त्यांच्यावर नऊ स्पीडचा जुना एमटीबी म्हणजे माउंटन बाइकचा डिरेलर चालतो, कारण केबल ओढण्याचं माप तेच आहे, आणि 34-36 पर्यंतची कॅसेट स्वस्तात बसते. टियाग्रा 4700 वाल्यांनी मात्र जुना दहा स्पीडचा डिरेलर उचलून आणू नका, नाव दहा स्पीडचं असलं तरी 4700 चं केबल ओढण्याचं माप अकरा स्पीडसारखं आहे.

किमती मी लिहीत नाही, दर महिन्याला बदलतात, दोन-तीन ठिकाणी विचारा. कॅसेट, डिरेलर आणि चेन मिळून पूर्ण ग्रुपसेटच्या जवळपासही जाणार नाहीत.

गुडघ्याचं. दोन दिवस दुखून थांबलं असेल तर बहुतेक त्या जड गियरचाच प्रताप आहे, पण एकदा सीटची उंची पण बघा. सेकंडहँड सायकल आहे, आधीच्या मालकाच्या उंचीवर सीट तशीच ठेवून कितीतरी लोक वर्षभर चालवतात. साध्या चपलेत बसून टाच पेडलवर ठेवा, पेडल सगळ्यात खाली असताना पाय जवळपास सरळ झाला पाहिजे आणि कंबर एका बाजूला झुकता कामा नये. सीट खाली असली की गुडघ्याच्या पुढच्या बाजूला दुखतं, आणि जड गियर त्यात तेल ओततो. सूज आली, जिना उतरताना कळ मारायला लागली किंवा आठवडा झाला तरी जात नाही असं असेल तर मला लिहू नका, ऑर्थोपेडिककडे किंवा फिजिओकडे जा. आणि वहिनींना सांगा की 46 हे काही वय नाही, फक्त 36-28 हा गियर नाही.

आणि आता चालवायचं कसं, कारण नवीन गियर टाकला म्हणजे घाट आपोआप सपाट होत नाही. सगळ्यात मोठी चूक लोक खालीच करतात, चढ सुरू झाला तरी ग्रुपच्या मागे 52 वर रेटत राहतात, मग पाय अडला की एकदम पुढची रिंग छोटी करायला जातात, चेनवर सगळा जोर असतो, ती कडकड करत आत पडते. चढ लागायच्या आधी, पाय मोकळे असतानाच पुढे छोटी रिंग टाका, मग मागे एक एक चकती वर जा. 34 पहिल्याच किलोमीटरमध्ये लागली तरी हरकत नाही, ती तिथेच आहे त्यासाठी. पहिली दहा मिनिटं तुम्हाला वाटलं पाहिजे की आपण उगाच हळू जातोय, ग्रुप पुढे जातोय तर जाऊ द्या, अर्धे लोक वळणावर पाणी पीत बसलेले भेटतील. चालवताना शेजारच्याशी एक पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, धाप लागून तुकड्या-तुकड्यात बोलत असाल तर स्पीड कमी करा. बसून चढा, वळणावर जिथे एकदम खडं येतं तिथे एक गियर जड करून दहा-बारा पेडल उभं राहून मारा आणि परत बसा, पाठीला पण तेवढाच आराम.

कचोरी वगैरे घाट चढून वर आल्यावर खा. खाली केळं, थोडं मीठ-साखरेचं पाणी, दोन्ही बाटल्या भरून, आणि निघा. मार्चनंतर निमाडातून साडेनऊनंतर वर निघणं म्हणजे गियर कुठलाही असो, हालच आहेत, एक तास लवकर निघा, फोटो कमी काढा. ट्रक असलेल्या रस्त्यावर, म्हणजे चोरलकडून येताना भेरूघाटाच्या बाजूला, सायकल झुलणं हा नुसता दमण्याचा प्रश्न राहत नाही, म्हणून हलका गियर तिथे सुरक्षेसाठी पण लागतो.

पहिली टेस्ट लगेच जाम घाटात घेऊ नका. जानापावला जा, तिथे चढ शेवटी आहे, टेकडीचा माथा 854 मीटर म्हणतात, छोटा आहे पण खडा आहे, आणि काही बिघडलं तर परतीचा रस्ता उताराचा. तिथे सगळे गियर वर-खाली करून बघा, आवाज कुठे येतो ते ऐका. नवी केबल टाकली असेल तर ती पहिल्या काही राइडमध्ये थोडी सैल पडते, गियर उडी मारायला लागला तर शिफ्टरच्या केबलचा तो छोटा ॲडजस्टर अर्धा-अर्धा फेरा फिरवून मिस्त्रीकडून एकदा ट्यून करून घ्या, त्याचे पैसे तो आधीच्याच बिलात धरतो, विचारून ठेवा.